केरीच्या मांगरातली फिएट

मित्रांनो, मी एक जुनी इटालियन मोटारगाडी आहे, आणि माझ्यात एक बाई बसलेली असते असं गोव्यातल्या केरी गावात सगळे म्हणतात. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, काजूच्या झाडांमागे एक मांगर आहे. मांगर म्हणजे बागायतीत अवजारं आणि नारळ ठेवायचं साधं कौलारू खोपटं. त्या मांगरात मी एकेचाळीस वर्षं उभी होते. शाळेतून येणारी मुलं तिथवर आली की बोलणं थांबवायची. नारळाच्या झापांची मोळी डोक्यावर असलेल्या बायकासुद्धा वाट वाकडी करून जायच्या. ती बाई कोण, आणि तिच्याविषयी जे सांगितलं गेलं त्यातलं किती खरं, हे मला ठाऊक होतं. पण गाडीला कुणी साक्षीला बोलावत नाही. म्हणून आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म १९५८ साली इटलीतल्या तुरीन शहरात झाला. माझं घराणं फिएटचं. मी दोनच माणसांची गाडी. डोक्यावर पत्रा नाही, कापडी टप; तो मागे दुमडला की वर नुसतं आकाश. माझी पुढची काच दोन्ही टोकांना अशी वळवून आणलेली की आत बसणाऱ्याला आपण कुणाच्या तरी ओंजळीत बसलो आहोत असं वाटावं. आणि माझी खरी ऐट म्हणजे माझ्या खुर्च्या. दार उघडून खटका दाबला की खुर्ची दाराकडे वळायची आणि बसणाऱ्याला सामोरी यायची. बसलात, की पुन्हा पुढं तोंड करायची. चढताना वाकायला नको, उतरताना धडपडायला नको. ज्या माणसानं ही खुर्ची कागदावर आखली, त्यानं साडी कधी पाहिली नसेल. पण लांब झग्यातली एखादी बाई त्याच्या डोळ्यांसमोर नक्की असणार.

तरी मला कुणी फारसं मानलं नाही. माझ्या देशात लाल रंगाच्या, वेगवान, नावाजलेल्या गाड्या पुष्कळ होत्या. माझ्याबद्दल जाणकार म्हणायचे, ही अमेरिकन गाडीचा फ्रॉक घातलेली लहान मुलगी आहे. इंजिनसुद्धा घरगुती फिएटच्याच कुळीतलं. काही वर्षांत आमच्यासारख्या गाड्या घडवणं थांबलं आणि लोक आम्हाला विसरून गेले.

मी जहाजातून मुरगावच्या बंदरात उतरले तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचा अंमल होता. डिचोलीच्या एका खाणमालकानं मला मागवलं होतं. चित्रात मी त्याला मोठी वाटले असावे. मला दारात पाहून त्याची बायको म्हणाली, "आणि ह्यांत भुरगीं खंय बसतलीं?" भुरगीं म्हणजे मुलं; दोन खुर्च्यांत ती कुठं मावणार? तिथंच माझं नशीब ठरलं. दोन-चार वेळा पणजीला गेले, मग खाणीच्या कचेरीमागे एका पत्र्याखाली माझी रवानगी झाली. ट्रक येत, ट्रक जात, आणि लोहखनिजाची तांबडी धूळ माझ्यावर बसत राही. पोर्तुगीज गेले, तरी मी तिथंच होते. माझा पांढरा रंग कुणाला आठवतही नव्हता.

१९७५ साली त्या कचेरीत गुरुदास नावाचा तरुण ड्राफ्ट्समन लागला. तो केरीचा. खाणीचे नकाशे काढायचं त्याचं काम. दिवसभर पेन्सिल आणि पट्टी हातात असल्यामुळे त्याच्या डोळ्यांना रेघा दिसायच्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो हात धुऊन माझ्याजवळ आला, ओल्या पंजानं माझ्या बाजूची धूळ पुसली आणि तसाच उभा राहिला. मग पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत त्यानं एक बोट फिरवलं, अगदी सावकाश. जन्मल्यापासून मला इतकं लक्षपूर्वक कुणी वाचलं नव्हतं. खाणमालकाला माझी अडचणच होती. त्यानं हसत मला गुरुदासच्या हवाली केलं.

डिचोलीत धाकू नावाच्या मेस्त्रीचं लहानसं गॅरेज होतं. धाकू मूळचा तेरेखोल नदीपलीकडच्या आरोंद्याचा, म्हणजे सिंधुदुर्गातला. खाणीच्या ट्रकांमागून कामाला आला आणि इथंच राहिला. मला पाहून गॅरेजातले सगळे हसले. "ही तर टॅक्सीची भैण!" कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला जे इंजिन असायचं, त्याच्याच भावकीतलं माझं. धाकू हसला नाही. तो माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "टॅक्सीची भैण तर टॅक्सीची भैण. निदान सामान तरी बाजारात गावतला." त्यानं मला वर्षभर खपून उभं केलं. वरून पांढरा रंग दिला. खालच्या अंगाला गंज लागू नये म्हणून आडवं पडून, ब्रशानं, काळा रंग दिला.

मी उभी राहिले त्याच वर्षी गुरुदासचं लग्न झालं. चंद्रावती पेडण्याची. दोघांनी डिचोलीतच बिऱ्हाड थाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती माझ्याजवळ आली तेव्हा गुरुदासनं दार उघडून खटका दाबला. खुर्ची वळून समोर आली, तशी ती दचकून मागं सरली आणि मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. "अगे बाय! ह्या कदेल माका या म्हणता!" गोव्यात खुर्चीला कदेल म्हणतात. त्या दिवसापासून ती माझ्यात बसली की केसांतल्या अबोलीच्या वळेसरातलं, म्हणजे गजऱ्यातलं, एखादं फूल तरी माझ्यात पडायचं. ती माझ्याशी बोलायची. "चल गो," म्हणायची. मी निघायचे.

मित्रांनो, ती आठ वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. त्यांना सुविधा नावाची मुलगी झाली. ती आईच्या मांडीवर बसून माझ्या वळलेल्या काचेला नाक लावायची. रस्त्यात लोक थांबून बघायचे आणि थट्टाही करायचे. हरमलला चंद्रावतीची बहीण राहायची, तिचे दीर म्हणायचे, "गुरुदास, टॅक्सी भाड्यान दितलो रे?" गुरुदास हसून सोडून द्यायचा. पण ते त्याला लागायचं. हे मला ठाऊक होतं, कारण तिथून परत येताना तो मला नेहमी जरा जास्त पळवायचा.

आता ते सांगते जे सांगायला मला एकेचाळीस वर्षं तोंड नव्हतं.

१९८४ सालचा फेब्रुवारी. गुरुवारचा दिवस. धाकू आमच्या डिचोलीच्या दारात आला होता; त्यानं माझ्यात बसून ब्रेकचं पेडल पायानं दाबून धरलं आणि त्याचा चेहरा आक्रसला. पेडल हळूहळू खाली जात होतं. तो बाहेर येऊन, हात पुसत, गुरुदासला म्हणाला, "गुरुदासबाब, बिरेकच्या सिलिंडरातलो रबर गेलो. उद्या शुक्रवार, म्हापशाक बाजाराक जातंय, थंयसून नवो हाडतंय. शनिवारी बसयतंय. तवसर हिका हलवूं नकात."

"बरां," गुरुदास म्हणाला. चंद्रावती शेजारीच उभी होती.

शुक्रवारी हरमलला बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. बसनं जायचं ठरलं होतं. पण ऐन वेळी गुरुदासनं किल्ली काढली. सुविधाला शेजारणीकडे ठेवलं. चंद्रावती माझ्या दाराशी येऊन थांबली. "धाकू नाय म्हणालो न्ही?"

"तो उगीच भियेता. सावकाश जावया."

"तुमी म्हणता तर चला," ती म्हणाली आणि बसली.

बारशाला मी दारात उभी राहिले, सगळ्यांनी मला पाहिलं, कुणी थट्टा केली नाही. गुरुदास खुशीत होता. तिथून केरीला आपल्या मूळ घरी जाऊन यावं असं त्याच्या मनात आलं. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, केरीकडे रस्ता उतरतो, तिथं दुपारी तीनच्या सुमारास त्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल थेट जमिनीला टेकलं. त्यानं गियर खाली घातला, स्टिअरिंग फिरवलं. मी माझ्याकडून सगळं केलं. वळणावर ओढ्यावरची एक दगडी मोरी होती. माझी उजवी बाजू तिच्यावर आदळली. माझं स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे चंद्रावती.

शेतातली माणसं धावत आली. त्यांनी दार ओढून उघडलं, तिला उचलायला हात घातले, आणि खुर्ची वळली. जशी नेहमी वळायची तशीच, सावकाश, तिला बाहेर उतरवून द्यायला. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यातल्या एकानं हात मागं घेतले. म्हापशाला पोचेपर्यंत ती गेली होती.

तिथं इस्पितळाच्या व्हरांड्यात चंद्रावतीच्या भावांनी गुरुदासला घेरलं. काय झालं, कसं झालं? आणि गुरुदास म्हणाला, "धाकून कालच बिरेक उघडलेले. त्यानंच घोळ केलो."

मी तिथं नव्हते. मी मोरीपाशी पडले होते. पण ते वाक्य दुसऱ्याच दिवशी मला ओढून नेणाऱ्या माणसांच्या तोंडी होतं. आठवड्यात ते पेडण्यापासून डिचोलीपर्यंत पोचलं. धाकूला पोलिसांनी दोनदा बोलावून नेलं. गुन्हा काही लागला नाही, पण गाडी हलवू नका असं त्यानं बजावलं होतं यावर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि गॅरेजात कुणी गाडी घालेना. चंद्रावतीच्या भावांनी त्याच्या फळकुटाच्या दारावर दगड मारले. धाकू बायकोला, रुक्मिणीला, घेऊन आरोंद्याला परत गेला आणि काजूच्या बागेत राबू लागला. त्यानंतर त्यानं पाना हातात धरला नाही.

गुरुदासनं मला केरीच्या आपल्या घराजवळच्या मांगरात आणून ठेवलं. विकलं नाही, दुरुस्तही केलं नाही. पण दर शनिवारी, दुपारी, तो यायचा. कुलूप काढायचा, आत येऊन उजव्या बाजूचं दार उघडायचा. खटक्याची स्प्रिंग तुटली होती आणि मांगराची जमीन उतरती. खुर्ची आपोआप दाराकडे वळायची. तो समोर उभा राहायचा. त्याचे ओठ हलायचे. शब्द कधी बाहेर पडले नाहीत. मग तो खुर्ची हातानं आत ढकलायचा, दार लावायचा आणि जायचा. कधीतरी कौलं शाकारायला आलेल्या गड्यानं हे पाहिलं. खुर्ची वळताना त्याला दिसली, धनी कुणाशी तरी बोलताना दिसले, आणि गावभर झालं की चंद्रावती गाडीत बसते.

ती नव्हतीच असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. स्प्रिंग तुटली होती हे खरं. पण वारा नसलेल्या दुपारी, मांगरात कुणी नसताना, त्या खुर्चीची गादी कधीकधी खाली दबायची. एखाद्या माणसाच्या वजनाइतकी. थोडा वेळ तशीच राहायची. उंदीर इतका जड नसतो.

वर्षं गेली. खाणी बंद पडल्या, पुन्हा थोड्या सुरू झाल्या. मोप्याच्या पठारावर विमानतळ आला. सुविधा शिकली आणि डिचोलीकडच्या एका तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवू लागली. लग्न होऊन ती तिकडेच राहिली. शनिवारी वडिलांकडे यायची. ती मांगराच्या दिशेनं कधी पाहायचीसुद्धा नाही. तिच्या मनात मी आईला गिळलेली गाडी होते, आणि धाकू हे आईला मारणाऱ्या माणसाचं नाव होतं. गुरुदास शहात्तर वर्षांचा झाला. पाय गेले, चौपायी काठी आली, शनिवारची फेरी बंद पडली.

तेव्हा हरमलहून योगेश नावाचा एक शॅकवाला माझी चौकशी करत आला. त्याला मला मधोमध कापून किनाऱ्यावरच्या हॉटेलात दारूचा काउंटर करायचा होता. "फेरारी न्ही ही, बाय," तो सुविधाला म्हणाला. "टॅक्सीचा इंजिन. पण फोटोक बरी दिसतली. मापां घेऊन पाठय." सुविधाला वाटलं, बरं झालं, जाऊ दे एकदाची. पुढच्या शनिवारी सकाळी ती टेप, दोरी आणि कागद घेऊन मांगरात आली.

तिनं कपड्यानं माझ्यावरची धूळ झटकली. एका टोकाला दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला नेली. दोरी सरळ होती, मी नव्हते. दिव्यापासून निघालेली माझी रेघ दाराशी दोरीला सोडून खाली गेली होती. सुविधानं दोरी काढली. कागद गुडघ्यावर घेऊन हातानंच काढायला बसली. एकदा खोडलं, दुसऱ्यांदा खोडलं. मग ती सरळ जमिनीवर, कोंबड्यांच्या पिसांत आणि सुकल्या पानांत, मांडी घालून बसली आणि मान तिरकी करून नुसती बघत राहिली. मोरीनं माझी उजवी बाजू चेपली होती, डावी शाबूत होती. "कोणी काढली ही?" ती स्वतःशीच म्हणाली. पन्नास वर्षांपूर्वी एका ओल्या बोटानं मला असंच वाचलं होतं. माझ्या अंगावर काटा येऊ शकत असता तर आला असता.

तिनं कागद नेऊन वडिलांना दाखवला. मांगराचं दार उघडं होतं आणि ओसरी जवळच. मला सगळं ऐकू येत होतं. गुरुदासनं कागदावरच्या रेघेवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "दाराच्या मागं चुकलंस. थंय ती बोटभर खाली उतरता, आणि मगीर परत चडता. सरळ नाय ती."

"बाबा, तुमी ही कधी काढलली?"

"शंभर वेळा."

त्याच संध्याकाळी सुविधानं योगेशला फोन करून गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं.

मग रजा काढून ती केरीलाच राहिली आणि मेस्त्री शोधू लागली. म्हापशाला जुन्या सुट्या भागांच्या दुकानात तिला सांगितलं गेलं की असल्या गाडीला हात घालणारा एकच माणूस होता, आरोंद्याचा धाकू. ती तेरेखोल नदीवरचा किरणपाणीचा पूल ओलांडून गेली. तिथं काय झालं ते मी पाहिलं नाही. नंतर ती मांगरात उभी राहून फोनवर नवऱ्याला सांगत होती तेव्हा ऐकलं.

एक्याऐंशी वर्षांचा धाकू अंगणात काजूच्या बिया वाळवत बसला होता. तिनं नाव सांगितलं. तो म्हणाला, "मी कोण ता तुका म्हायत आसा?"

"आसा."

"तरी इलंस?"

"ती गाडी तुमकाच म्हायत, धाकूकाका."

रुक्मिणी दारात येऊन उभी राहिली होती. "जाव नकात," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांच्या दारात परत पाय घालूं नकात." धाकूनं बिया पसरायचं थांबवलं. हात झटकले. मग म्हणाला, "येतंय. पण तुझ्या बापाशीक सांगूं नको."

तो सोमवारी आला, गुरुदास आत झोपलेला असताना. मला पाहून थांबला. जवळ आला नाही. एकेचाळीस वर्षांत त्याचे हात काजूच्या चिकानं काळे पडले होते. मग त्यानं सुविधाला जॅक लावायला सांगितलं, अंगाखाली पोतं टाकलं आणि त्या वयात माझ्या खाली सरकला. टॉर्च हातात घेऊन तो ब्रेकच्या सिलिंडरकडे पाहत राहिला. इतका वेळ, की सुविधा घाबरून वाकली.

"काका?"

"हंय ये," तो म्हणाला. "ह्यो नट बघ. ह्येच्यार रंग आसा न्ही? काळो? नटाच्या कडेन फुटलो आसा?"

तिनं पाहिलं. तिचे डोळे ड्रॉइंगचे. काळा रंग नटाच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर सलग उतरला होता. कुठं चीर नाही, पान्याचा ओरखडा नाही. "नाय. फुटूंक नाय."

"हो रंग मी मारलेलो. शहात्तर सालात. ब्रशान." त्यानं त्या नटावर बोट टेकवलं. "मगीर ह्या कोणी उघडूंकच नाय. मी उघडूंक नाय. चेडवा, चाळीस वर्षां लोक म्हणाले, धाकून उघडल्यान, धाकून घोळ केल्यान. इतकी वर्षां आयकल्यार माकाच वाटाक लागला, मी खरंच हात लावलेलो काय? रातदीस ह्याच. आज बघलंय." तो माझ्या पोटाखाली उताणा पडून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्यावर होते. मी काही करू शकले नाही.

सुविधा मांगराबाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. गुरुदास उठून ओसरीवर बसला होता आणि मांगराच्या दारातून बाहेर येणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहत होता. त्यानं धाकूला ओळखलं. काठी त्याच्या हातातून निसटली.

"बाबा," सुविधा म्हणाली, "तो नट कोणी उघडूंक नाय."

गुरुदासनं मान खाली घातली. मग, त्याच ओठांनी, जे दर शनिवारी नुसते हलायचे, तो बोलला. "त्यान माका सांगलेला. हलवूं नको म्हणून. चंद्रावतीय आयकत होती. माका थंय मिरवूंक जाय होता."

सुविधा वळली. आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला, धाकूच्या पुढं धरला, आणि वडिलांच्या पुढून तशीच गेली. त्यानंतर तीन आठवडे ती गुरुदासशी कामापुरतं बोलली. जेवण वाढायची, गोळ्या द्यायची. माझ्याजवळ येऊन मात्र तासन्‌तास बसायची.

धाकू येत राहिला. सिलिंडर उघडून त्यानं नवा रबर घातला. इंजिनाचं सामान म्हापशाला मिळालं. टॅक्सीच्या भावकीचा तेवढा उपयोग झालाच. माझी चेपलेली बाजू त्यानं लाकडी हातोड्यानं, मागून वाळूची पिशवी लावून, तसूतसूनं बाहेर काढली. सुविधा कागद घेऊन शेजारी उभी राहायची आणि सांगायची, अजून थोडं, आता थांबा. गुरुदासशी तो एक शब्द बोलला नाही. गुरुदास ओसरीवरून बघायचा. एकदा त्यानं हाक मारायचा प्रयत्न केला, "धाकू." धाकूनं हातोडा खाली ठेवला, सामान गोळा केलं आणि त्या दिवसापुरता निघून गेला. जाताना सुविधाला म्हणाला, "त्येका म्हण, माका सांगूं नको. माका म्हायतच आसा. जिका सांगूंक होया, ती आरोंद्याक आसा."

मी चालू झाले त्याच्या दुसऱ्याच रविवारी सुविधानं वडिलांना माझ्यात बसवलं. सकाळचे दहा वाजले होते. पूल ओलांडेपर्यंत दोघं बोलली नाहीत. आरोंद्यात माझ्यासारखी गाडी पाहून लोक दारात आले. धाकूच्या अंगणाबाहेर मी उभी राहिले. धाकू ओट्यावर होता. तो उठला नाही.

रुक्मिणी पुढं आली. पंचाहत्तरीची, बारीक, ताठ. गुरुदास काठीवर उभा होता. कुणी त्याला बस म्हटलं नाही.

"माझ्या घोवान त्या गुरुवारी तुमका काय सांगितल्यान?" तिनं विचारलं. "तां सांगा. दुसरा कायएक नको."

गुरुदास पुटपुटला.

"मोठ्यान सांगा," ती म्हणाली. "त्या पलीकडच्या घराक आयकाक येवंदे. थंयसून माझ्या सुनेक म्हणाले, तुझो सासरो माणूस मारून पळान इलो. त्येंका आयकाक येवंदे."

गुरुदासनं श्वास घेतला आणि अंगात होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाला, "धाकून सांगलेला, गाडी हलवूं नकात, रबर गेलो. मी आयकूंक नाय. चूक माझी. धाकूची नाय." कुंपणापाशी उभे असलेले लोक आणखी पुढं सरकले. रुक्मिणी म्हणाली, "परत." त्यानं परत सांगितलं. "परत." तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फुटला.

रुक्मिणीनं पदरानं तोंड पुसलं. "आता जावा," ती म्हणाली आणि आत गेली. पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही. परतीच्या वाटेवर पुलाच्या मध्यावर सुविधानं मला थांबवलं, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडली. गुरुदासनं तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, आणि धीर न होऊन परत मांडीवर ठेवला.

आम्हाला वाटलं धाकू आता येणार नाही. पण शनिवारी तो आला. हँडब्रेकची तार राहिली होती. गुरुदास मांगराच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. धाकू माझ्याखाली गेला. थोडा वेळ ठोकठोक चालली. मग खालून, वर न बघता, एक काळा हात बाहेर आला.

"धाचो पानो दी," धाकू म्हणाला.

गुरुदास खाली वाकला. पोत्यावरचे पाने चाचपले, दहा नंबरचा शोधला आणि त्या हातात ठेवला. त्या दिवशी ते एवढंच बोलले.

मित्रांनो, मला धुऊन-पुसून ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. धूळ आम्हाला मारत नाही. तुमच्याजवळची सायकल असो, पंप असो की आजोबांचा रेडिओ, तिला ओळखणारा जो कोणी असेल, तो थांब म्हणाला तर थांबा. नाही थांबलात आणि काही विपरीत झालं, तर त्याच दिवशी, लोकांसमोर, मोठ्यानं सांगा. आम्ही वस्तू सगळं पाहतो, पण आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला येतं.